जी विरघळलीच नाही, तिचं विसर्जन झालं का?

ओलीमाती

आमच्या घरचा गणपती दीड दिवसाचा, शाडूचा, नऊ इंची. गेली पाच वर्षं त्याचं विसर्जन बाल्कनीत पितळी घंगाळात होतं. पहिल्या वर्षी सासूबाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. "देवाला काय घंगाळात बुडवायचं?" म्हणाल्या, आरती झाली आणि पाट उचलून आत निघून गेल्या. तासाभराने बाहेर आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत.

मूर्ती पाण्यात ठेवली की आधी बारीक बुडबुडे येतात, मातीतली हवा सुटते. मग मुकुटाची टोकं बोथट होतात, हाताची बोटं जातात. रंग पातळ सालीसारखा सुटून वर येतो. सोंड बराच वेळ तग धरते. शेवटी पोट तेवढं उरतं, आणि मग तेही मधोमध खचतं. सकाळी बघावं तर वर नितळ पाणी आणि तळाला चार बोटं गाळ. सासूबाई त्या रात्री म्हणाल्या, "इतकी वर्षं नदीवर पोचवून आले, पण गेलेला कधी पाहिलाच नव्हता."

हे सांगायचं कारण २०२५ चा अनुभव. त्या वर्षी मी वॉर्डातल्या विसर्जनाच्या हौदावर निर्माल्य वेगळं करायला उभी होते. रात्री नऊच्या सुमारास एक कुटुंब दोन फुटी मूर्ती घेऊन आलं. पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची), आतून पोकळ. हौदात सोडली तर ती बुडेना, पाठीवर उताणी होऊन तरंगायला लागली. हौदावरच्या पोराने बांबू घेतला आणि छातीवर टेकवून ती खाली दाबली. बांबू काढला की वर यायची. चार वेळा दाबली. काठावर त्या बाईंचे हात जोडलेलेच होते, पण त्यांनी मान फिरवली होती. त्या पोराची काहीच चूक नव्हती, त्याला नेमून दिलेलं काम तो करत होता. तिसऱ्या दिवशी हौद उपसला, मूर्ती जशाच्या तशा निघाल्या आणि ट्रकमध्ये एकीवर एक रचून बंद पडलेल्या खडीखाणीकडे रवाना झाल्या. मी त्या ट्रकमागे उभी होते. वरच्या थरातल्या एका मूर्तीचे डोळे नुकतेच आखल्यासारखे स्वच्छ होते.

आपण 'पार्थिव' गणपती म्हणतो. पृथ्वीचा, मातीचा. उत्तरपूजेत 'यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवात्' म्हणून अक्षता टाकतो, मूर्ती जागची किंचित हलवतो, आणि त्या क्षणी देव निघाला असं मानतो. मागे राहते ती माती, आणि तिने मातीत परत जायचं असतं. माझ्या समजुतीप्रमाणे विसर्जनाचा सगळा अर्थ या परत जाण्यात आहे. पाणी हे त्याचं साधन. मग जी मूर्ती परत जाऊच शकत नाही, तिचं आपण नेमकं काय करतो? लपवतो, एवढंच मला दिसतं.

नियमांचं थोडक्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली मूर्तिविसर्जनाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मे २०२० मध्ये ती सुधारून पीओपीला सरळ नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०२५ ला, माघी गणपतीच्या तोंडावर, हे काटेकोर पाळायला सांगितलं. तेव्हा कांदिवली-चारकोपकडच्या काही मोठ्या मूर्ती विसर्जनाविना कापडाने झाकून महिनोन्‌महिने ठेवाव्या लागल्या. पुढे ९ जूनला न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. आणि २४ जुलैला ठरलं ते असं: सहा फुटांपर्यंतची मूर्ती हौदातच, त्याहून उंच असेल तर समुद्रात चालेल. ही मुभा मार्च २०२६ पर्यंतची होती.

न्यायालयासमोर पेच होता, मूर्ती आधीच तयार होत्या, हे मला कळतं. पण नियमाचा अर्थ घराघरांत कसा पोचला ते बघा. घरातल्या फूटभर देवाने हौदात जायचं आणि वीस फुटी देवाने समुद्रात. माझं म्हणणं एका वाक्यात: सगळं उंचीपाशी येऊन अडतं. पीओपी हवं, कारण उंची हवी. क्रेन, यांत्रिक तराफे, वीजवाहिन्या बाजूला करणं, तोडलेल्या फांद्या, उंचीला शोभेल अशी स्पीकरची भिंत, सगळं तिच्यामागोमाग येतं.

तुमच्या घरी, मंडळात काय चाललंय ते सांगा. वाद घातलात तरी चालेल.


चौकातला_कार्यकर्ता

ताई, मनापासून लिहिलंय म्हणून मनापासून उत्तर देतो. मी सोळाव्या वर्षापासून मंडळात आहे, आता एक्केचाळीस. आमची मूर्ती चौदा फुटी. तुम्ही उंची म्हणता, पण त्या मंडपामागे काय उभं असतं ते बघा. आमच्याकडे दरवर्षी रक्तदान होतं, वह्या वाटल्या जातात, करोनात आमच्याच पोरांनी डबे पोचवले. ही पोरं एकत्र येतात ती त्या मूर्तीसाठी. शेजारच्या मंडळाची मूर्ती पंधरा फुटी झाली आणि आमची नऊवर आली तर वर्गणी तुटते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एकट्या मंडळाने उंची कमी करायची म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

आणि दुसरं. नदीत वर्षाचे बारा महिने सांडपाणी सोडतात, त्यावर कोणी धागा काढत नाही. आमचे दहा दिवस मात्र डोळ्यांवर येतात. हे खुपतं.


ओलीमाती

दादा, सांडपाण्याचं शंभर टक्के मान्य. नदी मरते ती मुख्यतः शहरांच्या प्रक्रिया न केलेल्या मैलापाण्याने, मूर्तींनी नव्हे. ते पाप पालिकांचं आणि आपल्या सगळ्यांचं आहे. पण सांडपाण्याला मी हात जोडून 'पुनरागमनाय च' म्हणत नाही. गणपतीला म्हणते. म्हणून मला त्याचं जास्त लागतं.

पोरं मूर्तीसाठी जमतात म्हणालात. २०२० आणि २०२१ आठवा. शासनाने सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरच्या मूर्तीला दोन फूट अशी मर्यादा घातली होती. तुम्हीच सांगताय की डबे पोचवणारी पोरं त्याच काळातली. म्हणजे मूर्ती चार फुटी असताना त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम केलं. मग ती चौदा फुटांमुळे जमतात असं कसं म्हणायचं?

एकट्या मंडळाचं नुकसान होतं, हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. म्हणून मर्यादा सगळ्यांना एकदम हवी. त्या दोन वर्षांत ती सगळ्यांना एकदम होती, म्हणूनच कुणाची पत गेली नाही.


मूसआणिपाणी

रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून एक हिशेब. जिप्सम साधारण दीडशे अंशांना भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडतं, ती पूड म्हणजे पीओपी. पाणी घातलं की ती मिनिटांत पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. म्हणजे मूर्ती 'पीओपीची' म्हणतो, पण हौदात उतरतो तो जिप्समचा दगड. जिप्सम पाण्यात विरघळतं लिटरला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. पाच किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला दोन हजार लिटरच्या वर पाणी लागेल, तेही सतत ढवळत ठेवलं तर. हौदात एका रात्रीत शेकडो मूर्ती येतात. विरघळणार कुठून?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय काढला आणि पुणे महापालिकेने ती पूड नागरिकांना वाटलीही. मूर्तीच्या वजनाइतकी पूड बादलीत टाकायची, अधूनमधून ढवळायचं. साधारण दोन दिवसांत तळाला कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडूसारखा साका उरतो आणि वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, जे खत म्हणून झाडांना घालता येतं. आम्ही शाळेत करून बघितलंय. अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, त्यामुळे उघड्यावर करा. रंग मात्र या रसायनाने निरुपद्रवी होत नाहीत. ते गाळून वेगळे काढावे लागतात.

घरच्या छोट्या मूर्तीला हे ठीक. चौदा फुटी मूर्तीला किती पोती लागतील याचा हिशेब करून बघा.


हमरापूरचा_हात

मी पेण तालुक्यातला. कारखान्यात काम करतो, वडीलही करायचे. पेणच्या मूर्तींना जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले होते. सगळे बोलतात तर आमचंही ऐका.

शाडू आमच्याकडे गुजरातमधून येतो. गाडीभाडं आमच्या डोक्यावर. शाडूची मूर्ती साच्यातून काढली की ओली असते, सावलीत सुकवावी लागते. घाई केली तर कानाला तडा जातो. आणि जास्तीत जास्त काम पडतं नेमकं आषाढ-श्रावणात, जेव्हा हवेत पाणीच पाणी. दिवे लावून सुकवतो, बिल वेगळं. पीओपी रबरी साच्यात ओतलं, काथ्या लावला, थोड्या वेळात मूर्ती हातात. हलकी, ट्रकात मुंबईला जाईपर्यंत बोट तुटत नाही. शाडूच्या शंभर मूर्तींत रस्त्यात किती फुटतील याचा आम्ही आधीच धसका घेतलेला असतो. गिऱ्हाईक मात्र दोन्ही मूर्ती शेजारी ठेवून किंमत विचारतं आणि स्वस्तातली उचलतं.

आमच्याकडे काम वर्षभर चालतं. दिवाळीनंतर पुढच्या वर्षाचे साचे लागतात. जानेवारीत बंदी म्हणायची, जूनमध्ये चालेल म्हणायचं, यात ज्याने कर्ज काढून माल भरलाय तो मरतो. बंदी करायची तर तीन वर्षं आधी सांगा, माती द्या, सुकवायला शेड द्या. गोव्यात मातीच्या मूर्तीमागे सरकार अनुदान देतं. आम्हाला मातीचा राग नाही. वडिलांचा हात मातीतच बसला होता. डोळ्यांची आखणी मीही मातीवरच शिकलो, पीओपीवर ब्रश घसरतो.


ओलीमाती

काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी वर 'पीओपी हवं कारण उंची हवी' असं लिहिलं. ते अर्धंच होतं. घरगुती मूर्तीत पीओपी आलं ते आम्ही किंमत विचारून स्वस्त उचलतो म्हणून. ते माझ्यासारख्या गिऱ्हाइकांनी केलं. यापुढे शाडूच्या मूर्तीला घासाघीस करणार नाही, हे इथे लिहून ठेवते.


दर्याकाठ

मी गिरगावातला. २०२५ च्या विसर्जनाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. लालबागचा राजा ७ तारखेला सकाळी चौपाटीवर आला. नवा यांत्रिक तराफा होता. भरती आली, मूर्ती तराफ्यावर चढवता येईना, आणि तासन्‌तास राजा पाण्यात तसाच उभा. विसर्जन झालं रात्री नऊच्या सुमारास. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण, त्यामुळे वेध लागल्यावर विसर्जन केलं म्हणून आणखी वाद.

ग्रहणावर सगळे भांडले, भरतीवर फारसं कोणी बोललं नाही. अहो, अनंत चतुर्दशी म्हणजे पौर्णिमेचा आदला दिवस. चंद्र पूर्ण व्हायला आला की समुद्राला उधाण येणार, हे कुठल्याही वर्षी चुकत नाही. आणि मुंबईत पौर्णिमेच्या आगेमागे भरती दुपारी बाराच्या सुमारास असते. आमच्याकडचा कोणीही कोळी तिथीवरून पाणी सांगतो, भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकही वर्षभर आधी मिळतं. आपल्या पंचांगातच समुद्र लिहिलेला आहे. यंत्र नवं आणलं याला माझा विरोध नाही, पण पाण्याची वेळ चुकली तर यंत्राचं काही चालत नाही.

मला त्या दिवशी चौपाटीवर रडणारी माणसं आठवतात. थट्टा करणाऱ्यांनी ती पाहिलेली नव्हती.


माटवीखालचो

मालवण तालुक्यातून. आमच्याकडे अजून पाट शाळेत पोचवायची पद्धत आहे. (शाळा म्हणजे गणपतीचा कारखाना, बाहेरच्यांसाठी सांगतो.) नागपंचमीच्या सुमारास घरचा पाट नेऊन द्यायचा, त्याच पाटावर मूर्ती घडते आणि चतुर्थीला डोक्यावरून घरी येते. डोक्यावरून! म्हणजे उंची ठरवणारं माप माणसाची मान. पायवाट, साकव, मेरेवरून चालत आणायचा गणपती. तो तीन फुटांच्या वर जाणार कसा? विसर्जनानंतर त्याच पाटावर ओहोळाची चिमूटभर रेती घरी येते.

पण धागा मूर्तीवरच थांबलाय म्हणून माटवीचं सांगतो. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला रानातली फळं-फुलं बांधतात. कवंडळ, हरणं (ही रानफुलं), कांगणी, आंबाडे, सुपारीचं शिपटं, तोरंजन, नारळ. माझा आजा चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्हा पोरांना घेऊन रानात जायचा आणि प्रत्येक वेलीचं नाव सांगायचा. कुठल्या झाडाचं किती घ्यायचं, किती ठेवायचं, तेही. मला वनस्पती जेवढ्या कळतात त्या गणपतीमुळे.

गेल्या चतुर्थीला आईने बाजारातून माटवीच्या वस्तू आणल्या त्यात अर्ध्या प्लास्टिकच्या होत्या. "हरणां गावाक नाय," (मिळाली नाहीत) एवढंच म्हणाली. ज्या डगरीवर हरणं फुलायची ती सपाट झाली, आता तिथे प्लॉट पाडलेत. शाडू की पीओपी याचा निकाल लागेलही. पण रान गेलं तर माटवीला काय बांधायचं, हे कुठल्या न्यायालयात विचारू?


ओलीमाती

तुमच्या आजोबांसारखी माणसं म्हणजे आमच्या धर्माचे खरे शिक्षक. एकवीस पत्री मला पोथीतून पाठ आहेत. त्यांतली झाडं दाखवा म्हटलं तर सात-आठच्या पुढे जमणार नाही. बाजारात पुडीत मिळतात त्यात कसलीही पानं असतात, आणि मी तीच वाहते. पुढच्या चतुर्थीपर्यंत, म्हणजे १४ सप्टेंबर २०२६ पर्यंत, एकवीसच्या एकवीस ओळखायला शिकायचं ठरवलंय. शमी आणि मरवा कुंडीत लावलेत.

पाटाच्या मापाबद्दल मात्र तुम्ही माझं काम केलंत. मान हे माप! मी इतके दिवस उंचीच्या मर्यादेला आधार शोधत होते.


घाटावरून

शाडूला एकदम पवित्र करून टाकू नका, एवढंच. ती जमिनीतून खणून काढलेलीच माती आहे. शेकडो मूर्ती एका तळ्यात गेल्या की बारीक गाळ पाण्यात लोंबकळत राहतो, तळाला थर साचतो, आणि रंग तेलकट असले तर तेही त्यातच. शाडूही घरीच, बादलीत. आणि ती माती परत वापरायची. पुण्यात 'पुनरावर्तन' नावाने ही मोहीम चालते, विसर्जनानंतरचा शाडू गोळा करून मूर्तिकारांना परत देतात.


चौकातला_कार्यकर्ता

काल रात्री मंडळाच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला. सगळं शांतपणे ऐकलं असं नाही, दोघं उठून गेले. ठरलं एवढंच की पूजेची मूर्ती वेगळी करायची, दीड फुटी शाडूची, आणि तिचंच विसर्जन. मोठी मूर्ती रंगवून पुन्हा ठेवायची. पुण्यात काही जुन्या मंडळांत उत्सवमूर्ती वर्षानुवर्षं तीच असते, तेव्हा हे काही शास्त्राबाहेरचं नाही. नवी चौदा फुटी दरवर्षी आणायची नाही म्हणजे तेवढे पैसे वाचतील. लेझर आधीच बंद केलेत, आमच्यातल्याच एकाच्या पोराच्या डोळ्याला त्रास झाला होता. स्पीकरचं अजून जमलेलं नाही, खोटं बोलणार नाही.

सहा फुटांची मर्यादा सगळ्या मंडळांना लागू करा असं निवेदन द्यायचं असेल तर आमची सही पहिली.


ओलीमाती

दादा, माझ्याकडून नमस्कार. निवेदनाचा मसुदा रविवारी इथेच टाकते. पण मी सहा नाही, चार फूट लिहिणार आहे, आधीच सांगते.

काका (हमरापूरचे), एक विचारायचं होतं. माझ्याकडे पाच वर्षांचा शाडू डब्यात साठलाय, आमच्या सोसायटीतल्या अकरा घरांचाही आहे. तुमच्या कारखान्यात चालेल का?


हमरापूरचा_हात

चालेल की. फक्त नीट करून आणा. पाणी नितळल्यावर वर रंगाची साल येते ती आधी काढून टाका. मोती, खडे, जरी एकही राहू देऊ नका, साच्यात एक मोती आला तरी मूर्तीचं नाक फुटतं. माती ताटात पसरून वाळवा, वड्या झाल्या की गोणीत भरा. कागदी लगद्याची मूर्ती असेल तर ती वेगळी ठेवा, शाडूत मिसळली की दोन्ही वाया. आणि श्रावणात आणू नका, तेव्हा आम्हाला पाय ठेवायला जागा नसते. वैशाखात या, अंगणात ऊन असतं.